पट ५, हजर ३

७ मे २०२४. लोकसभेचं मतदान होतं. पर्वरीला राहायला येऊन आम्हाला वीसेक वर्षं झाली, पण मतदार यादीतली आमची नावं अजून डिचोली तालुक्यातल्या गावातच आहेत. माझं लग्न गावातल्या गावात झालं, वरच्या वाड्यावरून खालच्या वाड्यावर, त्यामुळे माहेर काय नि सासर काय, मतदान केंद्र एकच. सरकारी प्राथमिक शाळा. दर निवडणुकीला नवरा म्हणतो, नावं इकडे करून घेऊया. दर निवडणुकीला मी म्हणते, पुढच्या खेपेला. खरं कारण त्याला कधी सांगितलेलं नाही. मुलं नाहीत म्हणून ती शाळा बंद झाली, तिला एरवी कुलूप असतं, आणि आत पाऊल टाकायचं असेल तर मत द्यायलाच जावं लागतं.

सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर आलं होतं. काजूचा हंगाम सरत आलेला, तरी खालच्या भट्टीकडून आंबूस वास येत होता. रांगेत माझ्या पुढे आमच्या वाड्यावरची मावशी होती. सत्तरी गाठलेली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं ओळखपत्र. टेबलामागच्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वही पुढे करण्याआधी शाईची डबी पुढे सरकवली. मावशीने ती डबी एका बोटाने परत त्याच्याकडे ढकलली. म्हणाली, "हांव सय करतां." मग पेन मुठीत घट्ट धरून ती वाकली आणि एकेक अक्षर काढू लागली. रांग थांबली. मागे कुणीतरी खाकरलं. अक्षरं झाल्यावर तिने पेन जरा उचललं, श्वास घेतला, आणि वरून शिरोरेघ ओढली. उंबऱ्यावर रांगोळीची रेघ ओढावी तशी, डावीकडून उजवीकडे, न थांबता.

माझी सही दोन सेकंदांत झाली. एक मोठं इंग्रजी अक्षर, त्याला एक वेलांटीसारखं शेपूट, खाली तिरकी रेघ. बँकेत बत्तीस वर्षं हीच केली. रोज शंभर-दीडशे वेळा तरी केली असेल. मावशी पलीकडच्या टेबलाशी बोटाला शाई लावून घेत उभी होती, तिथून मान वाकडी करून तिने माझ्या सहीकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "कोणाक वाचूंक येता गो ती?"

मी हसले. टेबलामागचा माणूसही हसला. मत देऊन बाहेर आले, सोड्याची बाटली प्यायले, चार ओळखीची माणसं भेटली. पण पर्वरीपर्यंतच्या वाटेवर आणि नंतर कितीतरी दिवस ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ज्या खोलीत मी ती सही ठोकली, त्याच खोलीत, बहुतेक त्याच खिडकीखाली, मला माझं नाव पहिल्यांदा लिहायला शिकवलं होतं. पाटीवर. ओल्या हाताने पुसून पुन्हा, पुसून पुन्हा.

मावशीची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गावात शाळा आली तेव्हा ती दहा वर्षांची होती. गोवा मुक्त होऊन दोन वर्षं झाली, १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या सिंहावर शिक्के पडले, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि मग गावोगाव मराठी शाळा उघडायचा सपाटाच सुरू झाला. इमारती नव्हत्या. कुठे देवळाची अग्रशाळा, कुठे भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, पडवी, कुठे नुसता मांडव. आमची भरली ती देवळाच्या सभामंडपात. गुरुजी सावंतवाडीकडचे, धोतर, काळी टोपी, बोलणं मालवणी आणि शिकवणं पुस्तकी मराठी. दहा वर्षांची मावशी सहा वर्षांच्या पोरांबरोबर पहिलीत बसली. तिची उंची पाहून गुरुजींनी तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि लहान पोरांच्या शेंबड्या नाकांची जबाबदारी तिच्यावर टाकली. चौथी झाली आणि तिची शाळा संपली. पुढे लग्न, शेत, गुरं. नंतर तिने काय वाचलं असेल तर एसटीची, म्हणजे आमच्याकडे कदंबची, पाटी आणि पोथीतल्या काही ओव्या. पण नाव लिहिणं राहिलं. साठ वर्षं ते तिने जपून ठेवलं, ओळखपत्रासारखं.

त्याआधी आमच्या गावात शिकणं म्हणजे काय होतं, ते वडील सांगायचे. पोर्तुगीज शाळा तालुक्याच्या ठिकाणी. ज्यांचा पोरगा तिथे जाऊन 'प्रिमेरो ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिकची परीक्षा, झाला, ते घर गावात निराळं. नाहीतर देवळात शेणै मास्तर, मोडी नि उजळणी, आणि तिथेही सगळ्यांची पोरं जात नसत. कोण जायचं, कोण नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

मी त्या शाळेत गेले १९७२ साली. तोवर शाळा देवळातून उठून स्वतःच्या इमारतीत आली होती. चिऱ्यांच्या दोन खोल्या, मंगळुरी कौलं, समोर फणस. कौलांत एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडे आणि दिवसभर तो वर्गातून सरकत जाई. तो फळ्याच्या पायथ्याशी आला की मधली सुट्टी जवळ आली, हे आम्हाला घड्याळाशिवाय कळे. पावसात कौलं गळत. एका खोलीत चार बादल्या, चार वेगवेगळे आवाज. पाटी पुसायला कुंपणापाशी उगवणारी रसरशीत पानं. पुस्तकातली मुलं भाकरी खायची, आम्ही घरून पेज जेवून यायचो. पुस्तकातल्या आईला मुलं 'आई' म्हणायची, आम्ही घरी कोकणीत बोलायचो. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. घरात कोकणी, वहीत मराठी, देवळात दोन्ही. हे विचित्र आहे असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं ते पणजीला कॉलेजात गेल्यावर. सांगणाऱ्याचं मला अजून पटलेलं नाही, पण तो चूक होता असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले. रविवार होता, नाहीतर शाळा सोडून दिली असती. श्रावणातला आयतार. आईने सकाळी आयतार पुजला होता, पत्री, फुलं, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या. पातोळ्यांचा तो वास आणि शेजारच्या घरातल्या रेडिओवरचा जड आवाज, हे दोन्ही माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसले आहेत. आजही हळदीची पानं वाफेवर ठेवली की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. बायका ओट्यावर बसून रडत होत्या. भाऊसाहेबांना त्यांच्यातल्या एकीनेही कधी जवळून पाहिलं नसेल. मावशी तेव्हा विशीतली, कडेवर पोर. ती रडत नव्हती. ती म्हणत होती, "आतां शाळा बंद करतले." तिला तेवढीच काळजी.

शाळा बंद झाली नाही. भाऊसाहेबांच्या जागी त्यांची मुलगी आली. शशिकला काकोडकर. तेव्हापासून ती सगळ्या गोव्याची ताई, विरोधकांचीसुद्धा. वय अडतीस. १९६७ पासून आमदार, म्हणजे अगदीच नवखी नव्हती, पण गावाच्या लेखी ती भाऊंची चली. ओट्यावर चर्चा व्हायची, बाई राज्य कसं चालवणार. चर्चा करणारे ते बाप्ये स्वतःच्या घरचा किराणादेखील बायकोला विचारून आणायचे, हा भाग वेगळा. गुरुजींनी वर्गात फळ्यावर तिचं नाव लिहून आमच्याकडून वाचून घेतलं. 'काकोडकर' वाचताना सगळा वर्ग अडखळला आणि हसला. गोव्याला त्यानंतर आजतागायत दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

तिच्या कारकिर्दीत मुंडकारांचा कायदा झाला, १९७५ साली. मग पुढच्या वर्षी कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती. आमच्या गावात त्याचा अर्थ फार सोपा होता. भाटकाराच्या माडाखाली घर असलेल्या माणसाला आता रात्री झोप लागत होती. त्याच काळात, राजवट संपत आली असताना, बसचं अर्धं तिकीट मिळावं म्हणून विद्यार्थी ताईंच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. तेव्हा मी डिचोलीला हायस्कुलात जायला लागले होते. अर्ध्या तिकिटाचा फायदा पुढे कितीतरी वर्षं आम्ही घेतला. त्यावर ताई काय म्हणाल्या हे तेव्हा आम्हाला माहीतही नव्हतं. शाळा देणाऱ्यांनाच शाळेत जायचं भाडं कमी करायला मोर्चे काढून लावावं लागलं, हे आता आठवलं की गंमतही वाटते नि थोडी चुटपुटही. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच पक्षातले आमदार फुटले आणि सरकार पडलं. त्यानंतरचं राजकारण म्हणजे पक्ष सोडणं, पक्ष काढणं, परत येणं. गोव्यात ते इतकं नेहमीचं आहे की त्यावर परिच्छेद खर्च करायला नको.

मला ज्यात रस आहे ते पुढचं आहे. १९९० साली आघाडीचं एक अल्पायुषी सरकार आलं, त्यात ताई शिक्षणमंत्री झाल्या. आणि त्यांनी ठरवलं की सरकारी अनुदान मिळेल ते कोकणी किंवा मराठीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच. वाक्य एका ओळीचं आहे. पण त्या ओळीने गोव्यातल्या कितीतरी घरांची सकाळ बदलली. चर्चच्या प्राथमिक शाळा तोवर इंग्रजीतून चालत. अनुदान सोडणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी माध्यम बदललं आणि कोकणी घेतली, तीही देवनागरीतून. जरा थांबून बघा. बापलेकीची हयात मराठीच्या बाजूने गेली. गोव्याने महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, या १९६७ च्या जनमत कौलात त्यांचं 'फूल' ३४,०२१ मतांनी हरलं आणि 'दोन पानां'वर गोवा वेगळा राहिला. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी मराठी आणि कोकणीवरून घरंच्या घरं दुभंगली. आणि त्या बाईच्या एका निर्णयाने कोकणी हजारो ख्रिस्ती मुलांच्या पाटीवर आली. कोकणीसाठी भांडणाऱ्यांना हे फार मोठ्याने कबूल करताना मी ऐकलं नाही. मराठीवाल्यांनीही त्याचा फारसा गाजावाजा केला नाही. दोघांचीही अडचण मला समजते.

तेव्हा मी पणजीत बँकेत लागून दोन वर्षं झाली होती. सहीचं प्रकरण त्या पहिल्या दिवसाचं. नमुन्याच्या कार्डावर मी मराठीत सही केली, शिरोरेघेसकट. साहेबांनी कार्ड परत दिलं. रागावले वगैरे नाहीत, उलट समजुतीने म्हणाले, "मॅडम, ही पटकन होणार नाही. रोज किती करायच्या आहेत ठाऊक आहे का?" खरंच होतं त्यांचं. मी घरी जाऊन वहीच्या दोन पानांवर इंग्रजी सही गिरवली आणि दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड भरलं. मराठीला शिरोरेघ असते आणि शिरोरेघेला वेळ लागतो, हा मी नोकरीत शिकलेला पहिला धडा.

मुलगी १९९४ ची. तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात चर्चाच झाली नाही. चर्चा झाली असती तर निदान काहीतरी झालं असं म्हणता आलं असतं. सगळ्यांच्या मुली जातात त्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरून ती गेली. पावती माझ्या पर्समध्ये बरेच दिवस होती, गुलाबी कागदाची. त्याच सुमारास दारावर मासे घेऊन एक बाई यायची, ताळगावची. डोक्यावरची पाटी उतरवायला मी हात लावायचे, मग ती पायरीवर बसून बांगडे मोजायची. तिचा मुलगा गावातल्या चर्चच्या शाळेत. एकदा तिने बांगडे मोजता मोजता वर न बघता विचारलं, "बाय, तुजें चेडूं इंग्लीशींत, म्हजो चलो कोंकणींत कित्याक?"

काय सांगणार होते मी? मातृभाषेतून मूल लवकर शिकतं, हे मला पाठ होतं. बँकेच्या अंकात त्यावर लेखही लिहिला होता. पण तिचा प्रश्न भाषेचा नव्हता, पावतीचा होता. माझ्याकडे गुलाबी पावती होती. तिला सरकारने जी शाळा फुकट दिली तीच घ्यावी लागत होती. अनुदानाच्या जोरावर भाषा टिकवायची तर ती ज्यांना अनुदानाशिवाय चालत नाही त्यांच्याच मुलांच्या जोरावर टिकते, आणि ज्यांना चालतं ते बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात. मी टाळ्या वाजवणाऱ्यांतली. तिने मला दोन बांगडे जास्त घातले आणि पाटी उचलून गेली. म्हणजे तिच्या मनात किल्मिष नव्हतं. माझ्या मनात होतं.

२०११ साली सरकारने ते धोरण मोडलं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं, पालकांची तशी मागणी होतीच. आणि तेव्हा शहात्तर वर्षांच्या ताई पुन्हा रस्त्यावर उतरल्या. भारतीय भाषा सुरक्षा मंच. त्याच्या मंचावर जे दृश्य दिसलं ते पाहायला १९८६ मधले आमचे लोक जिवंत हवे होते. कोकणीचे आणि मराठीचे म्होरके, ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी एकमेकांच्या नावाने बोटं मोडली, ते एकाच सतरंजीवर. जूनमध्ये गोवा बंद झाला. पणजीतल्या एका सभेला मीही गेले, आझाद मैदानावर. पाऊस नुकताच उघडला होता. ओल्या गवताचा, भिजलेल्या छत्र्यांचा नि भज्यांच्या तेलाचा एकत्र वास. मी मागे, खांबापाशी. ताई दुरून एवढ्याशा दिसत होत्या. त्या काय बोलल्या हे मला शब्दशः आठवत नाही, आणि आठवतं असं खोटं सांगणार नाही. लक्षात राहिलं ते त्यांचं खुर्चीवरून उठणं. हाताने खुर्चीचा दांडा धरून, सावकाश, कुणाचा आधार न घेता.

घरी आले तर मुलगी सोफ्यावर अभ्यास करत होती, अकरावीची. मी उत्साहात सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, पण तू कुणाच्या शाळेसाठी भांडत होतीस?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

त्या दिवसापासून ताईंच्या त्या शेवटच्या धडपडीबद्दल मी वेगळ्या तऱ्हेने विचार करायला लागले. आपल्याकडे पुढारी आणि शिक्षण म्हटलं की माणूस आमदार होतो, मग मंत्री होतो, मग त्याची संस्था निघते, मग कॉलेज, मग इंजिनिअरिंग, मग फार्मसी. वर वर चढत जातो. ही बाई उलट खाली उतरत गेली. आधी सगळं राज्य. मग एक खातं. मग त्या खात्यातली एक ओळ. आणि शेवटी कुठलंच पद नसताना पहिली ते चौथी. सहा ते दहा वर्षांचं मूल कुठल्या भाषेत अ काढतं, एवढाच प्रश्न. मला यात थोरवी दिसते का? दिसते. हट्ट दिसतो का? तोही दिसतो. ताळगावच्या त्या बाईचं उत्तर ताईंकडे होतं का, ते मला माहीत नाही. माझ्याकडे तर नव्हतंच. पण निदान ताई त्या प्रश्नापाशी शेवटपर्यंत उभ्या होत्या. आम्ही सभेहून परतताना वाटेत मुलीच्या क्लासची फी भरून आलो.

२०१२ मध्ये सरकार बदललं, आश्वासनं देणारे सत्तेत आले आणि अनुदान तसंच चालू राहिलं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या खटल्यात सांगून टाकलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही. दरम्यान चर्चच्या बहुतेक शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या होत्या. आंदोलनातून एक पक्षही निघाला. ताई २८ ऑक्टोबर २०१६ ला गेल्या, ८१ व्या वर्षी. तो नरकासुराच्या रात्रीचा दिवस. त्या रात्री गोव्यात कुणी झोपत नाही. नाक्यानाक्यावर कागदाचे अक्राळविक्राळ नरकासुर, छातीत धडधडणारे स्पीकर, पोरांचं नाचणं. मी स्वयंपाकघरात पहाटेच्या पोह्यांची तयारी करत होते, गूळ किसत होते, तेव्हा टीव्हीवर खालून पट्टी गेली. मी आवाज वाढवला, पण बाहेरच्या गोंगाटात काही ऐकू येईना. बातमी मी वाचली, ऐकली नाही. पट्टी मराठीत होती. गुळाचे हात तसेच घेऊन मी बराच वेळ उभी होते. पहाटे कारीट पायाखाली फोडताना माझं लक्ष नव्हतं, ते नुसतंच घरंगळत गेलं.

आमची शाळा त्यानंतर काही वर्षं चालली. मुलं वीसवरून बारावर आली, बारावरून सातावर. एका शिक्षिकेने चारी वर्ग एकाच खोलीत घेतले, डावी भिंत पहिलीची, उजवी चौथीची. गावात मुलं नव्हती असं नाही. सकाळी साडेसातला नाक्यावर बालरथ येतो, अनुदानित शाळेची बस. शाळेच्या फाटकासमोरच तो थांबतो, कारण तिथे वळायला जागा आहे. पोरं त्यात चढतात आणि आठ किलोमीटरवरच्या शाळेत जातात. मग कागद आला. जवळच्या शाळेत विलीनीकरण. तो शब्द वाचून मला क्षणभर काही सुचेचना. विलीनीकरण! ज्या शब्दासाठी आमच्या बापजाद्यांनी भिंती रंगवल्या, ज्याच्या नावाने फुलावर शिक्के मारले, भावाभावांत अबोले धरले, तो शब्द शेवटी गोव्यात परत आला तो खात्याच्या परिपत्रकात. महाराष्ट्रात गोवा विलीन झाला नाही. आमची शाळा मात्र पलीकडच्या वाड्यावरच्या शाळेत झाली.

मावशीला हे कसं सांगायचं असा प्रश्न पडला होता, पण तिला आधीच माहीत होतं. तिचा स्वतःचा नातू बालरथातून जातो. सुनेने घातलं आहे. मावशी त्याला नाक्यापर्यंत पोचवायला जाते, त्याची पिशवी खांद्यावर घेऊन. बस येईपर्यंत ती त्याच्याकडून कविता म्हणून घेते. तो इंग्रजीतली म्हणतो, हिला कळत नाही, पण ताल धरून मान डोलावते. नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात पुन्हा घरच्या भाषेची गोष्ट आली आहे, पाचवीपर्यंत शक्य असेल तिथे. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरें झालें. तेवढंच. आणि पायाशी घुटमळणाऱ्या कोंबडीला हुसकावलं.

मतदानाच्या दिवसाचा एक भाग मी वर सांगितला नाही. सोडा पिऊन मी निघणार तेवढ्यात आठवलं की छत्री आतच राहिली. पोलिसाला विचारून दारापर्यंत गेले. मावशी अजून तिथेच होती, दाराच्या आत, भिंतीला टेकून. मतदानयंत्राचा आडोसा पुठ्ठ्याचा होता आणि त्याच्या मागे फळा. निवडणुकीच्या लोकांनी खोली झाडली होती, भिंतीवरचे तक्ते कागदाने झाकले होते, पण फळ्याला कुणी हात लावला नव्हता. शाळेच्या शेवटच्या दिवशीचा खडू अजून त्यावर होता. वर उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आखलेला तो नेहमीचा चौकोन. आमच्या वेळीही तिथेच होता. त्यात पट आणि हजर. वार पुसट झाला होता, आकडे स्पष्ट होते.

मावशी बोट लावून वाचत होती. हवेतच, लांबून. "प... ट... पाच." मग खाली. "ह... ज... र... तीन." वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डाव्या तर्जनीवरची शाई अजून ताजी होती.

"पट पांच, हजर तीन. मागीर तीं दोगां खंय गेलीं?"

"बालरथान गेलीं आसतलीं," मी म्हटलं.

ती मान हलवून तशीच फळ्याकडे बघत राहिली. टेबलामागचा माणूस म्हणाला, आजी, मत झालं ना, आता बाहेर व्हा. मी छत्री घेतली.